किती वाजताचं उत्तर देऊ?

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी नगरपालिकेचे इंजिनीअर सबनीस साहेब नकाशा घेऊन कासार गल्लीत आले. गाड्यांना बंद असलेल्या त्या गल्लीत मधोमध दगडी बाक पक्के बसवायचे ठरले होते. लेकीला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या जयमालाला प्रश्न पडला: आता पोरीनं खेळायचं कुठं?

भाजीवाले म्हणाले, "साहेब, गल्ली बाजाराची."

गल्लीतल्या सुमनकाकू म्हणाल्या, "वा रे वा! मग वाळवण काय तुमच्या डोक्यावर घालू?"

साहेब डाफरले, "एका जागेचं एकच काम! ही गल्ली कशासाठी, एकच उत्तर द्या. तेवढंच ठेवतो."

जयमाला घाबरतच पुढे झाली. "देते साहेब, पण किती वाजताचं देऊ? सकाळी सातला इथं बाजार असतो, दुपारी बाराला कुरडया, संध्याकाळी पाचला पोरं. तुमचा दगड मात्र तिन्ही वेळा दगडच राहणार."

सगळे हसले. साहेबांनी मात्र नकाशा पुन्हा उघडला. मग दगडी बाकांवर काट मारून त्यांनी उचलून ठेवता येतील असे लाकडी बाक लिहिले.

तेव्हा बायांनो, आपली वेळ सरली की आपली वाळवणाची बाज उचलून घ्या, आणि शेजारणीलाही एवढं सांगा: पुढच्याला गल्ली रिकामी मिळाली, तरच ती सगळ्यांची राहील.