आटणारं माप

एका राज्यात मजुरीचं माप जिवंत होतं. तांब्याचं ते माप राजवाड्याच्या दारी टांगलेलं असे आणि विणकरांना त्यानेच जोंधळे मोजून मिळत. पुढे एका मांत्रिकाने डोंगरात दार उघडलं. परमुलुखांचे व्यापारी आले, बाजार झगमगला, राजा हरखला. पण त्यांच्यामागून मांत्रिकाचा पोपटही आला. रोज सांजेला तो मापाच्या काठावर बसे आणि म्हणे, "पलीकडचे याहून कमी मापात विणतात." त्यासरशी माप बोटभर आटे.

आटता आटता ते कुंकवाच्या करंड्याएवढं झालं. मजुरी पदरात पडल्यावाचून वस्त्र मागावरून कापायचं नाही, ही वाडवडिलांची रीत. पलीकडचे काम पळवतील या धास्तीने तीही सुटली. जो तो पलीकडच्यांच्या नावाने बोटं मोडी. सगुणा विणकरणीच्या दोन लेकी पेजेवर निजत. तिलाही राग होताच, पण त्याहून भारी कुतूहल. एवढ्याशा मापात ती माणसं खातात तरी काय? लेकींना जावेपाशी सोपवून ती डोंगरातल्या दारातून पलीकडे निघाली.

पहिल्या मुलुखात नाचणीचं माप आटलेलं. दुसऱ्यात खजुराचं आटलेलं, आणि वर तिथले विणकर तिच्यावरच धावून आले; कमी मापात विणणारे ते तुम्हीच, असं पोपटाने त्यांना पढवलं होतं. तिसऱ्या मुलुखात वेणाई नावाच्या म्हातारीने तिला आपल्यातला अर्धा भात वाढला. तिच्या मागावर पुरं झालेलं वस्त्र तसंच होतं.

"हे कापत का नाही, आजी?"

"मजुरीआधी कापू नये, ही आमची रीत. मी एकटीच पाळते, म्हणून उपाशी."

"आमचीही हीच होती," सगुणा म्हणाली आणि तिला रडूच आलं.

परतताना ती मुलुखोमुलुखी विणकरांना सांगत आली: मापं सगळीकडेच आटलीत, मजुरीआधी कुणीच वस्त्र कापायचं नाही. पौर्णिमेला चारही राज्यांत एकही वस्त्र मागावरून उतरलं नाही. व्यापारी या मुलुखातून त्या मुलुखात धावून दमले. सांजेला पोपट मापावर बसून तेच बोलू लागला.

"मी तिथूनच आले," सगुणा म्हणाली. "कोण विणतं कमी मापात? नाव सांग."

पोपटाला एकही नाव ठाऊक नव्हतं. तो जागीच मातीचा झाला, चारही राज्यांतली मापं वाढून पूर्वीएवढी झाली आणि मांत्रिक पुन्हा कुणाला दिसला नाही.

राजा खजील होऊन म्हणाला, "बाई, दार बुजवू का?"

"नको महाराज. पलीकडे माझी माणसं आहेत."

त्या रात्री सगुणेच्या लेकी भाकरी खाऊन निजल्या. तशा साऱ्यांच्या निजोत.