बोलकड्यावर शिळा प्रश्न चालत नाही

जरा मागं सरा पाहुणे, फोटो तिथूनच काढा. हा बोलकडा. खाली चारशे हात दरी आहे. इथं धुक्यातून कुणी हाक मारली तर आमच्यात कुणी 'ओ' देत नाही. आधी प्रश्न विचारायचा, आणि तोही नवा. शिळा प्रश्न इथं चालत नाही. का, ते सांगतो.

कड्यात काहीतरी आहे, असं जुनी माणसं सांगत. त्याला नाव कुणी ठेवलं नाही. एकदा ऐकलेला आवाज ते जपून ठेवायचं आणि धुकं चढलं की त्याच आवाजात माणसाला काठाशी बोलवायचं. म्हणून आमच्या धनगरांनी एक रीत पाडली. हाक आली की विचारायचं, "कुणाचा रं तू?" आईबापाचं नाव आलं की माणूस आपला. दोन पिढ्या हेच चाललं. रोज तोच प्रश्न, रोज तेच उत्तर, तेही कड्याच्या तोंडावर ओरडून. अहो, त्याला शिकवलं ते आम्हीच.

त्या वेळी वस्तीवर ठकू झोरे म्हणून एक बाई होती. एका श्रावणात तिची नऊ वर्षांची बनू म्हशीमागं गेली आणि भर दुपारी धुक्यात हरवली. ठकू धावत काठाशी आली. डावीकडून हाक आली, "आये, पाय घसरलाय, ये." उजवीकडूनही तीच हाक, तोच आवाज.

"कुणाची गं तू?"

"ठकूची बनू," डावीकडून आलं. "ठकूची बनू," उजवीकडूनही आलं.

चुकीच्या बाजूला चार पावलं टाकली की आपण दरीत, आणि मग पोरीला काढणारं कुणी नाही. थांबावं तर पोर किती वेळ तग धरणार? शेवटी, जे ती देवापुढंही बोलली नसती, ते तिनं विचारलं.

"सकाळी म्या तुला का मारलं गं?"

डावीकडून लगेच आलं, "ठकूची बनू. आये, ये." इतकं लाडिक, की तिचं पाऊल उचललंच होतं.

उजवीकडून रडत रडत आलं, "दूध सांडलं म्हणून. पर ते म्या सांडलं नव्हतं, आये."

हे ठकूला ठाऊकच नव्हतं. जे नुसतं आपलंच आपल्याला परत देतं, ते आपल्याला खोटं कसं पाडेल, एवढं तिला तिथं उमगलं म्हणे. ती पोटावर सरपटत उजवीकडं गेली, अंगावरचं लुगडं सोडून खाली टाकलं आणि पोरीला वर ओढून घेतलं.

पुन्हा तिनं बनूवर कधी हात उगारला नाही. पण ते बोलणं कड्यानंही ऐकलं होतं. पुढच्या श्रावणापासून दरीतून यायला लागलं, "म्या सांडलं नव्हतं, आये." बनू शेजारी आईचं मनगट घट्ट धरून बसायची, तरी ठकू उठायची. बनू लेकुरवाळी झाली, तरी उठायची.

दोघींना जाऊन जमाना झाला. आजही धुकं चढलं की कड्यातून आधी आई विचारते, मग पोर सांगते. आम्ही तेवढा वेळ आपापली पोरं जवळ धरून बसतो. प्रश्न बरोबर असतो, उत्तरही बरोबर असतं, आणि तिथं बोलणारं कुणीच नसतं.