डावा टायर, चार गाठी आणि एक रुपया

सोमवार, सकाळचे सव्वानऊ. आंबेखिंड फाट्यावर दस्तगीरचाचांच्या पंक्चरच्या टपरीसमोर एक जीप उभी होती. जीपच्या पुढच्या डाव्या टायरला कान लावून एक माणूस उकिडवा बसला होता. बसून दहा मिनिटं झाली होती.

"काय करतोस रे?" चाचांनी विचारलं.

"ऐकतोय. तुम्हीच म्हणाला होता, गाडीला काय झालंय ते टायर सांगतो."

हा गेनू. फाट्यापासून सहा किलोमीटर आत करंजवाडी नावाचं गाव आहे. त्या गावात गेनूइतका भोळा दुसरा ड्रायव्हर नव्हता. पहिलाही नसता तर चाललं असतं, असं सरपंच सर्जेरावआबा म्हणायचे.

जीप सोनाक्कांची. नवरा गेल्यावर त्यांनी ती वडापला लावली, फाटा ते गाव आणि गाव ते फाटा, आणि किल्ली गेनूच्या हातात दिली. गेनू गाडी छान चालवायचा. अवघड होतं ते बाकीचं सगळं.

तीन महिन्यांत डाव्या अंगाचे दोन टायर गेले. उजवे नव्यासारखे, डावे टकले. फाट्याचा रस्ताही तीन महिन्यांपूर्वीच नवा झाला होता, त्यामुळं रस्त्यावर कुणाचाच संशय नव्हता. संशय गेनूवर होता.

"गेनू, तिसरा गेला तर किल्ली खुंटीला," अक्का म्हणाल्या. "मग मी दुसरा माणूस बघीन."

गेनूला गाडीशिवाय दुसरं काही येत नव्हतं. त्या दिवशी तो जेवला नाही.

चाचांनी त्याचा कान टायरपासून सोडवला आणि अंगठ्यानं टायर दाबून दाखवला. "हवा कमी असली की टायरच्या दोन्ही कडा झिजतात. मधला भाग शाबूत राहतो. म्हणून दाबून बघायचं. मऊ लागलं की हवा भरायची, टणक होईस्तोवर. खूणगाठ बांध."

गेनूनं खांद्यावरच्या टॉवेलाला गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी बाबूअण्णा फाट्यावरून गावाकडं निघाले. अण्णांना मूळव्याध. ते रबराची, हवेची गादी घेऊन फिरायचे. गादी सीटवर ठेवून ते तंबाखू आणायला गेले. गेनूनं गादी दाबून पाहिली. मऊ लागली. त्यानं पंप काढला.

अण्णा येऊन बसले. "आज ही दगडागत का लागतीय रं?"

"हवा बरोबर केलीय अण्णा."

दुसऱ्या वळणावर डावं चाक कडेच्या खड्ड्यात आदळलं आणि मोठा आवाज झाला. गेनूनं गाडी थांबवली. उतरून चारी टायर तपासले. स्टेपनीही तपासली. सगळं शाबूत.

"काही झालेलं नाही," तो म्हणाला.

अण्णा पुढं चार दिवस उभ्यानं जेवले.

चाचांच्या कानावर गेलं. "अरे शहाण्या, नुसतं भरत नाही सुटायचं. जास्त झालं की थोडं सोडायचंही असतं."

गेनूनं दुसरी गाठ मारली.

गुरुवारी बाजार. जीपमध्ये सोळा माणसं. दुसऱ्या वळणावर डावं चाक पुन्हा त्याच खड्ड्यात गेलं आणि गाडी कण्हली. गेनूच्या लक्षात आलं, जास्त झालंय. त्यानं थोडं सोडलं. म्हणजे चार माणसं सोडली, करवंदीच्या जाळीपाशी, भर उन्हात. त्यांत अक्कांच्या विहीणबाई होत्या. लेकीच्या डोहाळजेवणाची करंज्यांची पाटी घेऊन त्या पहिल्यांदाच एकट्या आल्या होत्या. तीन किलोमीटर चालून त्या अक्कांच्या दारात पोचल्या आणि पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत.

"माणसं सोडत नसतात रे, मुडद्या," अक्का म्हणाल्या. "जा, चाचांना नीट विचारून ये."

चाचांनी जॅक लावला. चाकं हलवून पाहिली, सुतानं माप घेतलं, स्टिअरिंगखाली वाकून पाहिलं. कुठं काही वाकडं नव्हतं. "गाडी सरळ आहे. आता एकच. टायरांची अदलाबदल करत जा. पुढचा मागं, मागचा पुढं. म्हणजे सगळे सारखे झिजतील."

गेनूनं तिसरी गाठ मारली.

शनिवारी शेजारच्या वस्तीवर सर्जेरावआबांचा सत्कार होता. रस्ता आणल्याबद्दल. आबा फाट्यावर फेटा बांधून पुढं बसले. मागं बकऱ्यांचा एक व्यापारी आणि त्याचे तीन बोकड. दुसऱ्या वळणावर डावं चाक खड्ड्यात गेलं. गेनूनं गाडी थांबवली.

"उतरा आबा. अदलाबदल."

"कसली अदलाबदल?"

"पुढचा मागं, मागचा पुढं. चाचांनी सांगितलंय. एकच जण सारखा झिजू नये म्हणून."

आबांना वाटलं, गाडीत काही बिघडलंय. ते मागं गेले. थोरला बोकड पुढं आला. वस्तीवर हलगी वाजत होती. कार्यकर्त्यांनी पुढचा दरवाजा उघडला आणि जो समोर होता त्याला हार घातला. त्यानं तो तिथंच खाल्ला.

आबा त्या दिवशी अक्कांच्या ओट्यावर बसून एवढंच बोलले, "माणूस बदला."

सोमवारी सकाळी गेनू पुन्हा टपरीवर. तिसरा टायर कितपत राहिलाय, हे त्याला बघायचं होतं. चाचांनी खिशातून रुपया काढला. "हा टायरच्या खोबणीत उभा धर. आकडा बुडाला तर टायर जिवंत. आकडा अख्खा दिसला तर संपला, बदलायचा."

गेनूनं रुपया धरला आणि चाचा वाकायच्या आत काढूनही घेतला.

"अरे, मला बघू तरी दे. विचारायचं, आणि उत्तर मिळाल्याशिवाय रुपया काढायचा नाही."

गेनूनं चौथी गाठ मारली. मग पुन्हा रुपया धरला. आकडा अख्खा दिसला.

अक्का म्हणाल्या, "आजची फेरी कर. संध्याकाळी किल्ली आणून दे."

त्या फेरीला बांधकाम खात्याचे साहेब आले होते. नवा रस्ता बघून, काम समाधानकारक आहे असं लिहून द्यायला. त्यांची गाडी फाट्यावरच ठेवावी लागली, कारण नव्या रस्त्यावर तिचं पोट घासत होतं. साहेब, ठेकेदार आणि आबा जीपमध्ये बसले. दुसऱ्या वळणावर डावं चाक खड्ड्यात गेलं. साहेबांचं डोकं टपाला आपटलं.

"ड्रायव्हर, अशी चालवतोस म्हणून टायर जातात."

गेनूला ते लागलं. तो उतरला. टायर बघितला, मग टायरखाली बघितलं. रस्त्याच्या दोन्ही कडा झिजलेल्या. मधला भाग शाबूत.

"साहेब, टायर नाही. हा रस्ता बिघडलाय." त्यानं टॉवेल पुढं घेतला आणि पहिली गाठ सोडली. कडेला अंगठा दाबला. अंगठा आत गेला. त्यानं पंप आणला. "याला हवा कुठून भरायची?"

त्यानं दुसरी गाठ सोडली. "जास्त झालंय. थोडे उतरा." ठेकेदार उतरले. रस्ता काही सुधारला नाही. त्यानं तिसरी सोडली. "आबा, तुमच्या दारातला रस्ता चांगला जाड आहे. तो इथं आणून घाला, हा तुमच्या दारात न्या. सारखे झिजतील."

"गाडी चालव," आबा म्हणाले.

"एक गाठ राहिलीय." त्यानं डांबराच्या भेगेत रुपया उभा घातला. रुपया लगेच मातीला टेकला. आकडा अख्खा वर. "संपलाय, साहेब. बदलायचा ना?"

साहेबांनी रुपया बघितला. मग बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं: काम समाधानकारक. खाली सही केली. त्याखाली आणखी एक ओळ लिहिली: वाहनचालक मंदबुद्धी आहे.

संध्याकाळी गेनूनं किल्ली अक्कांपुढं धरली आणि झालं ते सांगितलं. अक्का दुसऱ्या वळणापर्यंत चालत गेल्या, वाकून बघितलं, परत आल्या. किल्ली गेनूच्या हातातच होती. ती त्यांनी घेतली नाही.

"आणि रुपया तिथंच का ठेवलास?"

"विचारलंय ना अक्का. उत्तर कुठं आलंय?"

या गोष्टीला आठ महिने झाले. कागद कचेरीत आहे. दुसऱ्या वळणावर, डाव्या कडेला, तो रुपया अजून उभा आहे.