टिकली मुंगी आणि काचेआडचा हलवा

एक होती मुंगी. तिचं नाव टिकली. टिकली चालायची तुरुतुरु तुरुतुरु.

संक्रांत होती. मीरूने घरात सगळ्यांना हलवा वाटला. टिकलीलाही दिला. एकच दाणा, पण केवढा! पांढरा पांढरा, काटेरी काटेरी, टिकलीच्या डोक्याहून मोठा. मीरूने तो निळ्या फुलांच्या बशीत ठेवला आणि ती खेळायला पळाली.

मग आली नलूआत्या. आत्या घर आवरत होती. चष्मा कुठे होता? डोक्यावर! मग दाणा कसा दिसणार? तिने बशी उचलली. शोकेसमध्ये ठेवली. काच ओढली.

खर्रर्र... खट्ट!

काच मध्येच अडकली. उरली एवढीशी फट. फटीतून मुंगी जाते, हलवा जात नाही. टिकली आत गेली, बाहेर आली. आत गेली, बाहेर आली. तिला रडूच आलं. आयुष्यातला पहिला हलवा, आणि तो काचेआड.

टिकलीने डोळे पुसले आणि म्हणाली,
"काचताई, काचताई, सरक ना.
माझा हलवा मिळेना."

काच म्हणाली, "माझ्या खाचेत धूळ बसलीय. धूळ निघाली, तर सरकेन."

टिकली गेली खाचेत. तुरुतुरु तुरुतुरु.
"धूळमावशी, धूळमावशी, निघ ना.
काच सरकेना,
माझा हलवा मिळेना."

धूळ म्हणाली, "दिवाळीपासून बसलेय मी इथे. अशी कशी निघू? फडकं भिजलं, तर निघेन."

टिकली गेली फडक्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु.
"फडकेदादा, फडकेदादा, भिज ना.
धूळ निघेना,
काच सरकेना,
माझा हलवा मिळेना."

फडकं दोरीवर कडकडीत वाळलेलं. म्हणालं, "पाणी आलं, तर भिजेन."

टिकली गेली नळाकडे. तुरुतुरु तुरुतुरु.
"पाणीबाई, पाणीबाई, ये ना.
फडकं भिजेना,
धूळ निघेना,
काच सरकेना,
माझा हलवा मिळेना."

पाणी नळातून बोललं, बुडबुड बुडबुड. "आत्या उठली, तर येईन."

टिकली गेली आत्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु. आत्या खुर्चीत पेंगत होती. टिकली तिच्या कानाशी चढली.
"आत्या, आत्या, ऊठ ना.
पाणी येईना,
फडकं भिजेना,
धूळ निघेना,
काच सरकेना,
माझा हलवा मिळेना."

आत्या झोपेतच पुटपुटली, "मांडीवर मनी झोपलीय गं. झोपलेल्या मांजराला कुणी उठवतं का? मनी उठली, तर उठेन."

टिकली उतरली मांडीवर. तुरुतुरु तुरुतुरु.
"मनीबाई, मनीबाई, ऊठ ना.
आत्या उठेना,
पाणी येईना,
फडकं भिजेना,
धूळ निघेना,
काच सरकेना,
माझा हलवा मिळेना."

मनीने एकच डोळा उघडला. तोही अर्धा. म्हणाली, "ऊन सरलं, तर उठेन."

आता उन्हाकडे कसं जायचं? ऊन तर मनीच्या पाठीवरच होतं. टिकली चढली पाठीवर.
"उन्हा, उन्हा, सर ना.
मनी उठेना,
आत्या उठेना,
पाणी येईना,
फडकं भिजेना,
धूळ निघेना,
काच सरकेना,
माझा हलवा मिळेना."

ऊन म्हणालं, "कुणी सांगितलं म्हणून मी सरत नाही. पण मी कधी थांबतही नाही. बस जरा."

टिकली बसली. बसली. बसली.

आणि ऊन सरलं!
मनीला थंडी वाजली. मनी उठली.
आत्या उठली.
पाणी आलं, सूंऽऽ.
फडकं भिजलं.
धूळ निघाली.
काच अडकू नये म्हणून आत्याने खाचेत मेणबत्ती घासली.
काच सरकली, सुळ्ळकन!

टिकली आत धावली. पण आत्याने आता चष्मा डोळ्यांवर घेतला होता. तिने बशी उचलली.

"अगंबाई, या बशीत हलवा? ही बशी फक्त पाहुण्यांची," आत्या म्हणाली आणि बशी घेऊन निघाली नळाकडे. नळ तर सुरूच होता. पाण्यात हलवा विरघळतो, हे टिकलीलाही ठाऊक होतं. ती सहाही पायांनी आत्यामागे धावली, तुरुतुरु तुरुतुरु.

तेवढ्यात मीरू धावत आली. तिने आत्याचा पदर धरला.

"आत्या, धुऊ नको. टिकली माझी पाहुणी आहे. मीच बोलावलंय तिला."

आत्याने खाली पाहिलं. तिथे एक मुंगी उभी होती.

आत्याने नळ बंद केला. बशी हळूच जमिनीवर ठेवली आणि म्हणाली, "घ्या हं टिकलीबाई, सावकाश खा."

टिकलीने हलव्याला मिठीच मारली.

आत्याने मग सगळी शोकेस पुसली. कप ओळीत मांडले, सगळ्यांचे कान एका बाजूला. बशांवर बशा ठेवल्या. एक जागा मात्र रिकामी ठेवली. निळ्या फुलांची बशी अजून खालीच होती. पाहुणी जेवत होती ना!

हलवा संपला टिकलीचा, तेव्हा गोष्ट संपली आपली.