वरच्या चौकीची हाक

“...मग परत वर जाऊन मेलो तर काय चुकलं, येवढंच सांगा बाबा!”

हवालदार जिवाजी शेडग्याने तलवार धुनीपाशी आपटली. निरंजन गोसावी राख सारत राहिले. गोसावी होण्याआधी त्यांनीच त्याला दांडपट्टा शिकवला होता, म्हणून तर एवढ्या तोऱ्यात बोलायची त्याची छाती.

सकाळी गनिमाची फौज टोळधाडीसारखी घाटमाथ्यावरच्या चौकीवर आली. दुपारपर्यंत निम्मी माणसं पडली. उरलेली घेऊन जिवाजी मागल्या दिंडी दरवाजातून खाली खिंडीत उतरला. खिंडीमागे गावची बायकापोरं अजून नदी उतरत होती. ही खिंड गेली की त्यांना वाली नव्हता. हे त्याला कळत होतं, पण लाज कुणाचं ऐकते?

“शेपूट घालून आलो, बाबा. जल्मात कधी पाठ दावली नव्हती.”

“वर कोण ऱ्हायलंय?”

“कुनी न्हाई... मुडदी पडल्यात.”

“मूठमाती?”

“सवड कुठली!” त्याचा आवाज फाटला. “पुकारा देनाऱ्या दावलजीचं डोळंबी मिटाया गावलं न्हाईत.”

“आन् गनीम? शिरला का आत?”

जिवाजीने वर घाटाकडे पाहिलं. तेच तर उमगत नव्हतं. चौकी रिकामी, दरवाजा सताड उघडा... आणि फौज दुपारपासून तटाबाहेरच खोळंबलेली. टेहळ्या सांगत होता, एकही घोडा उंबरा ओलांडायला तयार नाही.

दिवेलागण झाली. धुकं खिंडीत उतरलं.

तेवढ्यात वरून हाक आली. लांबवलेली, खणखणीत.

“हुश्शाऽऽर!”

माणसं जागच्या जागी थिजली. दिवेलागणीला वरच्यांनी पुकारायचं, खालच्यांनी जबाब द्यायचा, हा घाटाचा रिवाज. पण आज वर पुकारणारं होतं कोण?

“दावलजी...” जिवाजी पुटपुटला. “बाबा, ह्यो दावलजीचा आवाज हाय.”

गोसाव्यांनी नुसती मान डोलावली.

“...हुश्शाऽऽर?”

या खेपेला हाकेत काळजी होती.

जिवाजी एक पाऊल मागे सरला. गोसावी उठले. त्यांनी पडलेली तलवार त्याच्या मुठीत दिली, मानेला धरून त्याचं तोंड घाटाकडे वळवलं.

“जबाब दे लवकर. न्हाई दिलास, तर चौकी सोडून मदतीला खाली उतरतील ती.”