अनवधानाने राहिलेले नाव

विषय : सणाच्या फराळाला जमलेल्या आप्तांचे आभार मानण्याची पद्धत.
संदर्भ : एका शिष्याचे दिवाळीतील भाषण.
उपरोक्त विषयाबाबत सादर करण्यात येते की,

एकदा एक शिष्य दिवाळीला घरी निघाला. गुरू म्हणाले, "घरच्यांशी कृतज्ञतेने बोल." शिष्य आज्ञाधारक होता. त्याने भाषण पाठ केले.

त्याच्या घरी फराळाविषयी एकच वाक्य बोलण्याची प्रथा होती : यंदा चकलीत मीठ कमी आहे. ते बोलून झाल्यावर शिष्य उभा राहिला. काकांपासून वयाच्या क्रमाने आभार मानत तो थोरल्या भावापर्यंत, म्हणजे घरच्या व्यापाऱ्यापर्यंत आला आणि म्हणाला, "अनवधानाने कोणाचे नाव राहिले असल्यास त्यांचेही आभार." टाळ्या पडल्या.

वहिनी अनारशांचे ताट घेऊन दारात उभी होती. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवले होते. तिचा समावेश शेवटच्या वाक्यात झाला होता.

निघताना तिने डबा भरून दिला. पण नेहमीचे "पोचलात की कळवा" म्हणाली नाही. शिष्य आश्रमात आला तो रडवेला होऊन. "गुरुजी, वहिनी माझ्याशी बोलत नाही. पत्र लिहून आभार मानू का?"

गुरूंनी डब्यातला एक अनारसा उजेडात धरला, त्याची जाळी निरखली, तो खाल्ला आणि वहाणा घातल्या. "चल."

दोघे शिष्याच्या घरी पोचताच व्यापारी भाऊ लगबगीने पुढे आला. "गुरुजी, इकडे बैठकीत या. आत धूर आहे."

"धुराकडेच आलोय," म्हणत गुरू स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसले. "बाई, यंदा किती अनारसे हसले?"

पीठ बिघडले की अनारसा तुपात फुटून पसरतो. त्याला हसणे म्हणतात. बैठकीतल्या कोणालाही हे ठाऊक नव्हते.

वहिनीने पदराला हात पुसले. "दोनच. तीन दिवस तांदूळ भिजवले, रोज पाणी बदललं. यांना मेलं चकलीतलं मीठ तेवढं कळतं!"

व्यापारी छताकडे पाहू लागला.

"त्या दोघांचं काय केलंत?"

"मी खाल्ले. फुटका अनारसा मी कोणाच्या पानात वाढत नाही."

शिष्याला पाठ केलेले काहीच आठवेना. तो हळूच म्हणाला, "वहिनी, सोळा वर्षांत माझ्या पानात एकही फुटका आला नाही."

"सतरा," वहिनी ताठ मानेने म्हणाली. "सतरा वर्षं झाली, भावोजी." आणि तिने त्याच्यासाठी पाट मांडला.

परतताना शिष्याने विचारले, "गुरुजी, तुम्ही तर आभाराचा शब्दही काढला नाहीत."

गुरू म्हणाले, "आपलं काम कोणीतरी नीट पाहिलं, हे माणसाला कळावं लागतं. तू भाषणासाठी सगळ्यांची वयं पाहिलीस, हात पाहिले नाहीस. आज पाहिलेस, तेव्हा एक वाक्य पुरलं."

शिष्य वहिनीने पुन्हा भरून दिलेला डबा छातीशी धरून चालला होता. वाटेत भेटेल त्याला तो थांबवून सांगत होता, "आमच्या वहिनीचे अनारसे. बघा, जाळी बघा!"

अंमलबजावणी : शिष्याच्या बाबतीत पूर्ण. थोरल्या भावास "किती अनारसे हसले?" हा प्रश्न वहिनीला स्वतः विचारण्याबाबत कळवले आहे. तो अद्याप छताकडे पाहत आहे. प्रकरण प्रलंबित.