घरटी एक दार

एका डोंगराच्या कुशीत गुराख्यांचं एक गाव होतं, आणि त्या गावाला एक म्होरक्या होता. त्याच्या तोंडात जगातले सगळे शब्द होते. 'नाही' तेवढा नव्हता.

माणूस वाईट नव्हता. कुणी बैल मागितला, दिला. कुणी म्हटलं, भांडणात आमच्या बाजूने बोला, तर बोलला. मग दुसऱ्या बाजूचा आला, त्याच्याही बाजूने बोलला. अशा माणसाला लोक भला म्हणतात. म्हणतील नाहीतर काय, फुकटचा बैल मिळतो.

थंडी पडली की गावाखालचं गवत संपायचं. मग सगळी घरं गुरं घेऊन वर पठारावर जायची आणि होळीपर्यंत तिथेच मुक्काम ठोकायची. माणसं वर न्यायची आणि धड खाली आणायची, हे म्होरक्याचं काम. पठारावर गवत कमरेइतकं, पाणी गोड. पण वारा असा, की बोलणाऱ्याचा शब्द पलीकडच्या डोंगरावर जाऊन पडावा.

आजवर प्रत्येक घर आपापलं पाल ठोकत आलं होतं. एक इथे, एक ओढ्यापलीकडे, एक पार कड्याशी. गेल्या हिवाळ्यात म्होरक्याची म्हातारी विधवा चुलती कड्याशी आपल्या एकटीच्या पालात तापाने फणफणली. पाणी पाणी करत हाका मारत राहिली. हाका वाऱ्याने नेल्या. सकाळी कुणी ताक द्यायला गेलं तेव्हा कळलं. म्हातारी चिवट, जगली. पण म्होरक्याच्या काळजात ते काट्यासारखं रुतून बसलं. सख्खं गाव भोवताली, आणि म्हातारी घोटभर पाण्यावाचून मेली असती.

तो गावाला म्हणाला, "यंदा एकच मोठा तंबू घेऊ. सगळे एका छताखाली. पुढची पोरंबाळंही त्यातच राहतील असा दणकट."

लोकांना पटलं. घराघराने तूप साठवलं आणि बुधले गाडीत घालून सगळे बाजारगावच्या तंबूवालीकडे गेले.

ही तंबूवाली बाई हाताची पक्की आणि तोंडाची फटकळ. तिच्या अंगणात एक लाल-पिवळा तंबू उभा होता, झालरी-गोंडे लावलेला. म्होरक्याची धाकटी भावजय त्याला हात लावून म्हणाली, "बाई गं! काय देखणा आहे!"

"तो लग्नाचा," तंबूवाली म्हणाली. "नवरानवरीसारखा एक दिवस मिरवतो. तुझं लग्न झालंय ना? मग पुढे चल."

लोक काही खुळे नव्हते. जन्म रानात गेलेला. मागे एक मातकट रंगाचा तंबू पडला होता, जाडाभरडा, मेण चोळलेला, वास मारणारा. त्यांनी त्यावर घागर ओतली. पाणी मोत्यासारखं घरंगळलं. दोघा गड्यांनी दोन्हीकडून शिवण ओढली. गडी तांबडेलाल झाले, शिवण हलली नाही. दोर घायपाताचे, खुंट्या बाभळीच्या, मधली मेढ सागाची, वर धूर जायला झाकणाचं भोक. म्होरक्याने कापडाला तोंड लावून फुंकर मारली. पलीकडे धरलेल्या हाताला वारा लागला नाही.

"हाच," सगळे म्हणाले. निवड झाली आणि चांगली झाली. इथेच गाडी जुंपून घरी आले असते तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

पण म्होरक्याचे एक काका होते. गावातली सगळ्यात दुधाळ गुरं त्यांची, त्यामुळे आवाजही मोठा. त्यांनी तंबूभोवती एक फेरी मारली आणि थांबले.

"दार एकच?"

"एकच," तंबूवाली म्हणाली. "मोठं आहे की. म्हैस जाईल."

"म्हैस जाईल, पण मी कसा जाऊ?" काका म्हणाले.

आता हे तुम्हाला कळायचं नाही, म्हणून सांगतो. त्या गावची एक रीत होती. दुसऱ्याच्या चुलीजवळून जायचं तर तसंच पुढे जायचं नाही. टेकायचं, घासभर खायचं, ख्यालीखुशाली विचारायची आणि मग उठायचं. न टेकता गेला, तर त्या घराचा अपमान. रीत चांगलीच होती. पण गावात घरं लांब लांब, तिथे ती निभायची. तंबूत प्रत्येक घर आपापल्या कोपऱ्यात चूल मांडणार आणि दार एका टोकाला. म्हणजे मागच्या माणसाला बाहेर पडायचं तर प्रत्येक चुलीशी बसत बसत जायचं.

"सकाळी लोटा घेऊन निघालेला माणूस," काका म्हणाले, "इतक्या ठिकाणी खात खात जाणार? अरे, वाटेतच घात व्हायचा!"

सगळे हसले. काका हसले नाहीत. "मला माझ्या बाजूला दार पाहिजे. नसेल जमत तर माझं पाल वेगळं."

तंबूवालीने कात्री उचलली आणि म्होरक्याकडे बघितलं. "कापू का?"

म्होरक्याला कळत होतं हं. नवं कोरं धोतर पैलवानालाही हाताने फाडता येत नाही, पण काठाला कात्री लावून दिली की बाईमाणूससुद्धा टर्रकन फाडतं. हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. पण त्याला काकांचं पाल दिसलं, लांब, एकटं. काका गेले की त्यांच्यामागे आणखी कुणी जाईल. मग म्हातारी पुन्हा कड्याशी.

"काप," तो म्हणाला.

कात्री चालली. लगेच दुसरं घर पुढे आलं. काकांना दार, मग आम्ही काय पाप केलं? "कापू का?" "काप." मग तिसरं घर. धाकटी भावजय म्हणाली, "भावजी, माझं दार उगवतीकडे हवं. उन्हात तान्ह्याला न्हाऊ घालता येईल." "काप." शेवटी म्होरक्याची बायको उठली.

"अहो, गावाला दारं, आणि म्होरक्याच्या बायकोने दुसऱ्यांच्या चुलीशी बसत हिंडायचं होय?"

"काप," म्होरक्या म्हणाला. म्होरक्याचं म्हणून ते दार जरा मोठंच कापलं.

तंबूवालीने कात्री कमरेला खोचली. "मी शिवला होता तो तंबू होता," ती म्हणाली. "तुम्ही नेताय ती चाळण." बुधले मात्र तिने मोजमाप न करता आत नेले. तिचं काय चुकलं? गिऱ्हाइकाचं कापड, गिऱ्हाइकाचा वारा.

पठारावर तंबू उभा राहिला. सुरुवातीला सगळं कसं गोड. ऊन कोवळं, गवत डुलतंय, गुरं चरतायत. आपल्या दाराने यावं, आपल्या दाराने जावं. हळूहळू प्रत्येकाने आपल्या कोपऱ्यापुढे गोधडी टांगली. एका छताखाली राहून कुणी कुणाचं तोंड बघेना. एकदा म्हातारीला ठसका लागला, खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं. गोधडीपलीकडून कुणीतरी म्हणालं, "कोण खोकतंय बघा रे." बघायला कुणी उठलं नाही. म्होरक्याने पाणी नेऊन दिलं. म्हातारी प्याली आणि म्हणाली, "लेका, पालात होते तेव्हा निदान वाटायचं, लांब आहेत म्हणून येत नाहीत."

म्होरक्याने रिकामं भांडं उचलून नेलं.

आणि मग एका दुपारी वारा उठला. गुरं आधी एकत्र झाली, डोकी खाली घालून उभी राहिली. वारा म्होरक्याच्या मोठ्या दारातून आत शिरला. लोहाराचा भाता फुगतो तसा तंबू फुगला. आत शिरलेला वारा काकांच्या दारातून बाहेर पडायला बघू लागला, भावजयीच्या दारातून बघू लागला, आणि दारं पुरली नाहीत तेव्हा त्याने ती मोठी केली. एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत कापड फाटत गेलं. दुधाची भांडी लवंडली, गोधड्या उडाल्या, राख डोळ्यांत गेली. भावजय तान्ह्याला पोटाशी धरून बाहेर पळाली. बाकीच्यांनी कापड आणि मेढ धरून ठेवली म्हणून तंबू निदान पठारावरच राहिला.

वाऱ्याने जरा दम घेतला तेव्हा सगळे लोंबत्या फडक्यांमध्ये उभे होते. कुणाला लागलं नव्हतं. पण वारा पुन्हा येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. खाली जावं तर गावात गवताची काडी नाही; गुरं मरतील. वर राहावं तर डोक्यावर चिंध्या.

काका पुढे झाले. "मी काय म्हणतो, फाटलाच आहे तर पुरता फाडू. ज्याच्या त्याच्या दाराचा तुकडा ज्याला त्याला. आपापली पालं करू. कटकट नको."

"बरोबर आहे," कुणी म्हणालं. "काकांचं बरोबर आहे," आणखी कुणी म्हणालं. आणि सगळ्यांनी म्होरक्याकडे बघितलं, कारण तो 'बरं' म्हणणार हे त्यांना माहीतच होतं.

म्होरक्याच्या तोंडात 'बरं' आलंच होतं. तेवढ्यात त्याला म्हातारी दिसली. ती खाली बसून आपलं गाठोडं बांधत होती. तिला कुणी विचारलं नव्हतं. तिच्या वाटणीला कुठला तुकडा, कुठली जागा, कुणीच बोललं नव्हतं. तिने आपलं आपण ओळखलं होतं आणि कड्याकडे तोंड केलं होतं.

"नाही," म्होरक्या म्हणाला.

काकांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "काय म्हणालास?"

"नाही म्हणालो, काका. तंबू फाडायचा नाही. फाटलेलं शिवायचं, दारंही शिवायची. एक राहील, वाऱ्याकडे पाठ असलेलं. बाकी सगळी बंद."

"आणि मी नाही शिवलं तर?"

"तर दुसरा म्होरक्या करा आणि त्याला सांगा फाडायला. मी आहे तोवर नाही."

म्होरक्याने दाभण घेतला, सुतळी ओवली आणि सगळ्यांत आधी स्वतःचं मोठं दार शिवायला बसला. बायको बघत राहिली. मग म्हणाली, "इतके लांब टाके घालून गोणी शिवतात. सरका." आणि तिने दाभण हातातून ओढून घेतला.

मग भावजय आली. मग एकेक घर आलं. काका सगळ्यांत शेवटी आले, तोंड वाकडं करून, आणि शिवता शिवता म्हणाले, "मग सकाळी लोटा घेऊन जायचं कसं, तेही सांग आता शहाण्या."

"चुली मोडायच्या," म्होरक्या म्हणाला. "दाराशी एकच चूल, सगळ्यांची. आपल्याच चुलीजवळून जाताना कुणी टेकतं का?"

काकांनी त्यावर बराच विचार केला, पण खोट सापडली नाही. त्यामुळे ते जास्तच चिडले.

वारा पुन्हा आला, आला तसा वरून निघून गेला. तंबू थरथरला, पण हलला नाही. आत म्हातारी त्या एकाच चुलीशेजारी बसली होती. जाणारा-येणारा रीत नसतानाही तिच्याजवळ टेकत होता, कारण वाटच तिथून होती.

मुक्काम संपत आला तेव्हा धाकटी भावजय म्हणाली, "भावजी, तान्ह्याला ऊन लागत नाही हो. बोटभर खिडकी तरी पाडू या का?"

"नाही," म्होरक्या म्हणाला.

भावजय रुसली. दोन घास कमी जेवली, कापडाकडे तोंड करून बसली. पण तंबूतच रुसली.

तात्पर्य: सगळ्यांना 'हो' म्हणणारा कुणाचाच नसतो. ज्याला चार माणसं एका छताखाली ठेवायची आहेत, त्याने कापड दणकट बघावंच, पण कात्री कुणाच्या हातात द्यायची नाही हेही शिकावं.